‘पॅसिव्ह’ बास: आधी वाद्य, मागाहून नाव

बडोद्यात चार तारांचा बास (बास गिटार) घ्यायला निघालेल्याला पहिला सल्ला मिळतो तो हाच: "अ‍ॅक्टिव्ह घे, पॅसिव्हला दम नसतो." पहिल्याच्या पोटात सेल असतो, दुसऱ्याच्या नाही. वजन किती, नेक (वाद्याची मान) हातात बसते का, हे कुणी विचारत नाही.

1951 साली फेंडरचा प्रिसिजन बास आला तेव्हा असा प्रश्नच नव्हता. आडवा धरून वाजवायचा फ्रेटवाला (मानेवर धातूच्या पट्ट्या असलेला) विजेचा बास त्याआधी, 1930च्या दशकात, सिॲटलला निघाला होता, पण तो चालला नाही. प्रिसिजन चालला: 34 इंच स्केल (तारेची वाजती लांबी), एक पिकअप (तारेची थरथर विजेत उतरवणारा चुंबकी भाग), नॉब दोन. 1957 मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे झाले आणि विजेची घूं घूं थांबली. 1960चा जॅझ बास दोन पिकअपचा, नटापाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, दीड इंच रुंद, लहान हाताला सोयीचा. त्याचा एकच पिकअप उघडा ठेवा, मांडवातली दिव्यांची माळ बासमधून ऐकू येईल. आज दुकानात टांगलेले बहुतेक पॅसिव्ह बास या दोघांचेच वंशज.

शब्दाचा घोळ 1970च्या दशकातला. बासच्या पोटात प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आणि नऊ व्होल्टचा सेल बसू लागला. 1976च्या स्टिंगरे बासने तो प्रकार सर्वदूर नेला. मग जुन्यांनाही काहीतरी म्हणणं भाग पडलं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यावर साध्याला ‘खरा तंबोरा’ म्हणायची वेळ आली, तसंच. फक्त इथे जुन्याच्या वाट्याला मान न येता ‘पॅसिव्ह’ आलं, म्हणजे निष्क्रिय, आणि दम नसल्याची समजूत त्या नावातूनच पसरली असं मला वाटतं. गंमत अशी की ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बासमध्येही पिकअप पॅसिव्हच असतात. सेल लागतो तो पुढच्या प्रीअँपला. फरक एवढाच की प्रीअँप खर्ज आणि तीव्र वाढवूही शकतो, पॅसिव्हचा टोन नॉब मात्र फक्त तीव्र कापतो. ज्याला सूर बोटांनी घडवायचा आहे त्याला तेवढं पुरतं.

तरी दम नसल्याची तक्रार अगदी खोटी नाही, आणि तिचं मूळ आपल्या नवरात्रात आहे. गरब्याच्या मैदानावर बासची लांबलचक वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडतात. पॅसिव्ह पिकअपला पुढे एक मेगाओहमच्या (दहा लाख ओहमच्या) आसपास रोध असलेला इनपुट हवा. लाइन इनपुट असतो दहा-वीस किलोओहमचा, म्हणजे कितीतरी कमी. वरचे सूर तिथेच गळतात, उरलेसुरले वायर खाते. बास गोधडीखालून वाजल्यासारखा येतो आणि बोल लागतो पॅसिव्हला. मग बास कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर जातो.

अ‍ॅक्टिव्हची गोष्टही ऐका. त्यात पिन घातली की प्रीअँप चालू. मी एकदा पितृपंधरवडाभर पिन तशीच लावून ठेवली. पहिल्या माळेला आरती संपेपर्यंत आवाज होता, दुसऱ्या गरब्यात फाटला, तिसऱ्यात गेला. रात्री साडेअकराला मैदानात नऊ व्होल्टचा सेल शोधत फिरलो. मिळाला तो ढोलवाल्याच्या वायरलेस माइकमधून काढलेला, अर्धा संपलेला.

त्यानंतर जुना प्रिसिजनच नेतो. आधी साउंडवाल्याला एवढंच विचारतो: 48 व्होल्टवर चालणारा डीआय आहे का? ही बास आणि मिक्सरच्या मधली डबी, पिकअपला हवा तसा मोठ्या रोधाचा इनपुट देणारी. नसला, तर माझा पिशवीत असतो.