चार्ली आणि ब्रॉक: बुद्धी वाढण्याच्या दोन कादंबऱ्या

मंदबुद्धी म्हणून हिणवला गेलेला एक माणूस एकाएकी हुशार होतो, ती विज्ञान कादंबरी कोणती, असे विचारले की बहुतेक वाचक डॅनियल कीज यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’चे नाव घेतात. पण पोल अँडरसन यांच्या 1954 मधील ‘ब्रेन वेव्ह’मध्येही असा एक माणूस आहे, आणि बुद्धी वाढल्यामुळे समाजाची घडी विस्कटते ती याच कादंबरीत.

कीज यांच्या चार्ली गॉर्डनची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढते आणि ती एकट्याचीच वाढते. तो हुशार होताच बेकरीतले सहकारी त्याला कामावरून काढण्यासाठी अर्जावर सह्या करतात. सही करत नाही ती फक्त फॅनी. समाज जागच्या जागी असतो; त्यात बसत नाही तो चार्ली.

‘ब्रेन वेव्ह’ची सुरुवात सापळ्यात अडकलेल्या सशापासून होते. धडपड थांबवून तो दार कसे उघडते याचा विचार करतो आणि निसटतो. मेंदूचे काम मंदावणाऱ्या एका क्षेत्रातून पृथ्वी कोट्यवधी वर्षांनी बाहेर पडलेली असते, त्यामुळे माणसांबरोबर जनावरांचीही बुद्धी वाढते. मग कंटाळवाणी कामे करायला कोणी तयार होत नाही आणि त्या कामांवर उभी असलेली शहरे कोलमडू लागतात. हे संकट मला कोणत्याही परग्रहवासीयांच्या हल्ल्यापेक्षा अधिक पटणारे वाटते, कारण यात शत्रूच नाही.

शेतावरचा गडी आर्ची ब्रॉक याचीही बुद्धी वाढते. पण सगळ्यांचीच वाढल्यामुळे तो नव्या जगातही मागेच राहतो, आणि बाकीचे निघून गेल्यावर शेत सांभाळतो. चार्लीची स्थिती नेमकी उलटी आहे: त्याच्यातले आणि इतरांमधले अंतर आधी मिटते, मग दुसऱ्या दिशेने वाढत जाते. दोन्ही कादंबऱ्यांत बुद्धी पुन्हा उतरतेही, मात्र अँडरसन यांची शीला, एका भौतिकशास्त्रज्ञाची पत्नी, वाढलेली जाणीव असह्य होऊन स्वतःच विजेचे झटके घेते. चार्लीला मात्र ती जपायची असते, आणि ज्या नोंदींतून तो स्वतःच ही कथा सांगतो, त्यांतल्या शेवटच्या नोंदींत सुरुवातीच्या त्याच शुद्धलेखनाच्या चुका एकेक करून परत येतात.