जुन्याच आयडीवर नवा माणूस आला आणि मेल परत यायला लागले, तर…

कुणी नोकरी सोडून जातं आणि त्या जागी दुसरं कुणी येतं. घाईत जुनाच आयडी-पासवर्ड नव्या माणसाच्या हाती दिला जातो, किंवा जुनं खातं उडवून त्याच पत्त्याचं नवं खातं काढलं जातं. मग तक्रार येते: बाहेरचे मेल नीट येतात, पण शेजारच्या टेबलावरून पाठवलेला मेल परत जातो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पासवर्ड बदलला जातो, नव्या माणसाचं आउटलुक (मेल वाचायचा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकलं जातं. त्याने काहीच फरक पडत नाही, कारण बिघाड त्याच्या संगणकात नसतोच.

आधी परत आलेला मेल वाचा

तो न वाचता डिलीट करू नका. निम्मं उत्तर त्यातच असतं. त्यात टिंबांनी तोडलेल्या तीन आकड्यांचा एक कोड असतो. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. पहिला आकडा ५ असेल तर सर्व्हरने हात टेकलेत; तोच मेल दहा वेळा पाठवला तरी दहाही वेळा परत येईल.

५.१.१ किंवा ५.१.१० म्हणजे या पत्त्यावर कुणी राहत नाही. ५.२.२ बहुधा मेलबॉक्स भरल्यावर येतो. वर्षानुवर्षांचे मेल साठलेलं जुनं खातं तसंच पुढे वापरलं की हे होतंच. ५.७.६० म्हणजे लॉगिन एकाचं आणि ‘प्रेषक’ म्हणून पत्ता दुसऱ्याचा. ५.७.५२० म्हणजे मेल आपोआप बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड करायचा प्रयत्न झाला आणि तो अडवला गेला. हा शेवटचा कोड दिसला तर जुन्या माणसाने लावलेलं फॉरवर्डिंग लगेच शोधा. ऑफिसचे मेल कुणाच्या तरी खासगी पत्त्याकडे निघाले होते, असा त्याचा अर्थ आहे.

कोडइतकंच महत्त्वाचं म्हणजे मेल नेमका कुणाच्या नावाने परत आलाय. ज्याला पाठवला त्याच्या, की भलत्याच्याच?

पत्ता तोच, ओळख वेगळी

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार हा. तुम्हाला दिसतो तो ईमेल पत्ता बाहेरच्या जगासाठी असतो. एकाच संस्थेतल्या दोन मेलबॉक्समध्ये एक्स्चेंज दुसरीच ओळख वापरतं. तिचं नाव ‘लेगसी एक्स्चेंज डीएन’. प्रत्येक मेलबॉक्सला ती तयार होतानाच मिळते. जुना मेलबॉक्स उडवून त्याच पत्त्याचा नवा काढला, तरी ही ओळख नवीच असते.

इकडे सहकाऱ्यांच्या आउटलुकने जुनी ओळख जपून ठेवलेली असते. ‘टू’च्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की खाली नाव सुचवलं जातं ना, त्या नावामागे ती दडलेली असते. म्हणून मेल उडवलेल्या मेलबॉक्सकडे निघतो आणि ५.१.१ घेऊन परत येतो. बाहेरच्या लोकांकडे नुसता पत्ता असल्याने त्यांना काही अडत नाही. परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ (IMCEAEX) या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली, तर निदान पक्कं झालं.

त्या ओळीत ‘एफवायडीआयबीओएचएफ२३एसपीडीएलटी’ (FYDIBOHF23SPDLT) असं काहीतरी दिसेल. तो व्हायरस नाही. त्यातलं प्रत्येक अक्षर आणि आकडा एकेक घर मागे सरकवला की ‘एक्स्चेंज१२रॉक्स’ (EXCHANGE12ROCKS) मिळतं. प्रोग्रामर मंडळींची गंमत.

झटपट उपाय पाठवणाऱ्याने करायचा. नवा मेल उघडा, ‘टू’मध्ये नाव टाइप करायला लागा, खाली सुचवणी आली की तिच्या उजवीकडची फुली दाबा. मग नाव ॲड्रेस बुकमधून निवडा. आउटलुकच्या पर्यायांमध्ये सगळीच यादी रिकामी करायचं बटण आहे, पण एका नावासाठी सगळ्यांची वर्षानुवर्षांची यादी पुसणं आम्हाला पटत नाही. मोबाइलची सुचवणी वेगळी असते, ती तिथे जाऊन काढावी लागते.

हा उपाय अपुरा आहे. जुन्या मेलला ‘रिप्लाय’ केलं की त्यातली जुनी ओळख पुन्हा वापरली जाते, जुन्या मीटिंगच्या निमंत्रणांचंही तसंच. माणसं पाचापेक्षा जास्त असतील तर सरळ दुसरा मार्ग घ्या: जुनी ओळख नव्या मेलबॉक्सला जादा पत्ता म्हणून जोडा. या पत्त्याचा प्रकार ‘एक्स५००’ (X500).

परत आलेल्या मेलमधली ती लांब ओळ नोटपॅडमध्ये घ्या. सुरुवातीचं ‘आयएमसीईएईएक्स’ आणि त्यापुढची आडवी रेघ (-) काढा. शेवटी ॲट चिन्हापासून पुढचं सगळं काढा. प्रत्येक अंडरस्कोअरच्या (_) जागी तिरकी रेघ (/) घाला. मग +२० च्या जागी मोकळी जागा, +२८ च्या जागी सुरू होणारा कंस, +२९ च्या जागी बंद होणारा कंस, +२ई (+2E) च्या जागी पूर्णविरामाचा टिंब. +५एफ (+5F) म्हणजे खरा अंडरस्कोअर. तो सगळ्यात शेवटी बदला, नाहीतर त्याचीही तिरकी रेघ होऊन बसेल. तयार झालेली ओळ एक्स्चेंजच्या ॲडमिन सेंटरमध्ये नव्या मेलबॉक्सच्या ईमेल पत्त्यांत ‘कस्टम’ प्रकार निवडून, प्रकाराच्या जागी एक्स५०० लिहून जोडा. तुमची खाती ऑफिसातल्या सर्व्हरवरून क्लाउडवर सिंक होत असतील, तर हा बदल ऑफिसच्या सर्व्हरवरच करावा लागतो. सिंक साधारणपणे दर ३० मिनिटांनी होतं, तेवढं थांबा.

साहेबांना निमंत्रण पाठवलं, परत आलं गेलेल्या माणसाच्या नावाने

इथे पाठवणारा गोंधळतो, कारण त्याने त्या माणसाला काही पाठवलेलंच नसतं. गेलेला माणूस साहेबांच्या कॅलेंडरचा प्रतिनिधी, म्हणजे ‘डेलिगेट’ होता. साहेबांकडे आलेलं प्रत्येक निमंत्रण अजून त्याच्याकडे धाडलं जातंय. दुरुस्ती साहेबांच्या आउटलुकमध्ये: अकाउंट सेटिंग्ज, मग डेलिगेट ॲक्सेस, तिथून जुनं नाव काढा. यादीत नाव नसेल आणि तरी मेल परत येत असतील, तर दुसऱ्या कुणाला तरी डेलिगेट म्हणून जोडा आणि लगेच काढा. मागे अडकलेला नियम त्यामुळे बहुतेक वेळा नव्याने लिहिला जातो.

ईमेल ग्रुपमध्ये गेलेल्याचा पत्ता राहिला असेल तरी लक्षण असंच दिसतं. ग्रुपची यादी तपासा.

स्कॅनर, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि वेबसाइटचा फॉर्म

माणूस गेला, पासवर्ड बदलला आणि त्याच दिवसापासून स्कॅन मेलवर येईना झाले. कारण स्कॅनरमध्ये त्याचंच लॉगिन भरलेलं होतं. इथे बाउन्स, म्हणजे परत आलेला मेलही मिळत नाही, मशीन नुसतं ‘पाठवता आलं नाही’ म्हणतं. लॉगिनचं नाव आणि प्रेषकाचा पत्ता एकाच खात्याचे ठेवा, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) बहुधा ५८७. यंत्रांसाठी कुणा माणसाचं नाही असं वेगळं खातं काढा.

जुनं लॉगिन जसंच्या तसं देऊ नका, हे आमचं मत का?

कारण त्यासोबत जुने इनबॉक्स नियम, ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर, सही आणि ओटीपी जाणारा जुना मोबाइल नंबर हे सगळं येतं. त्यापेक्षा नव्या माणसाचं खातं त्याच्या नावाने काढा. जुना मेलबॉक्स सामायिक मेलबॉक्स करून नव्या माणसाला वाचायला द्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. मेलबॉक्स टिकल्यामुळे जुनी ओळखही टिकते, वरची अर्धी दुखणी उद्भवतच नाहीत.

खातं उडवून झालंय? मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवस आणि गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवस ते परत आणता येतं. म्हणून त्याच पत्त्याचं दुसरं खातं काढण्याआधी आम्हाला विचारा.

संपर्क करताना परत आलेला मेल स्क्रीनशॉट न काढता जोडपत्र म्हणून पाठवा. सोबत तीन गोष्टी कळवा: जुनं खातं उडवलं की फक्त नाव बदललं, कोणत्या तारखेला, आणि मेल ऑफिसातल्यांचेच परत जातात की बाहेरच्यांचेही.