परवाना निलंबनाच्या प्रक्रियेतील बदलांचे वित्तीय परिणाम (अमेरिका)

अमेरिकेत वाहन चालवण्याचा परवाना राज्य सरकार देते आणि निलंबितही तेच करते. कोणत्या कारणासाठी, कोणाच्या आदेशाने, किती दिवसांची नोटीस देऊन, सुनावणी आधी घ्यायची की नंतर, यांपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी राज्याचा मोटार वाहन विभाग, न्यायालये, पोलीस आणि काउंटीचे (राज्यातील जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाचे) तुरुंग या सगळ्यांचा जमाखर्च हलतो. त्यामुळे अशा विधेयकासोबत बहुतेक राज्यांच्या विधिमंडळांत वित्तीय टिपण, म्हणजे सरकारी खर्च आणि उत्पन्न किती बदलेल याचा अंदाज, जोडले जाते. ते वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : तोटा एका खात्यात ठळकपणे दिसतो, बचत मात्र अनेक खात्यांत विखुरलेली असते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना जावा, याबद्दल फारसा वाद नाही. पैशाचा प्रश्न उठतो तो वाहतूक दंड थकला किंवा कोर्टाची तारीख चुकली म्हणून होणाऱ्या निलंबनांमुळे. परवाना परत मिळवायचा तर थकलेला दंड भरून वर पुनर्स्थापना शुल्कही भरावे लागते. व्हर्जिनियात हे शुल्क १४५ डॉलरपर्यंत जाई आणि त्यातले १०० डॉलर अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या ट्रॉमा केंद्रांच्या निधीत जमा होत. म्हणजे निलंबने कमी झाली की झळ थेट रुग्णालयांना. सुधारणांना होणाऱ्या विरोधाचे मूळ पुष्कळदा अशा वाटपात सापडते.

आता दुसरी बाजू. वेग वाढवल्याबद्दल एखाद्याला दंड झाला आणि मुदतीत पैसे जमले नाहीत. न्यायालय विभागाला कळवते, विभाग निलंबनाचा आदेश टपालाने पाठवतो. माणसाने घर बदललेले असते आणि पाकीट परत येते. बस नाही म्हणून तो गाडीनेच कामावर जात राहतो. पुढे मागचा दिवा बंद असल्याचे निमित्त होऊन पोलीस गाडी थांबवतात आणि निलंबित परवान्यावर वाहन चालवल्याचा खटला उभा राहतो. अनेक राज्यांत हा तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकणारा फौजदारी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या आर्गर्सिंगर विरुद्ध हॅमलिन निकालानुसार, वकील न देता गरीब आरोपीला तुरुंगात पाठवता येत नाही. तेव्हा सरकारी वकील, बचावाचा सरकारखर्चाचा वकील, न्यायाधीशाचा वेळ आणि तुरुंगातील दिवस असा खर्च चढत जातो. यातला एकही डॉलर मोटार वाहन विभागाच्या वहीत दिसत नाही. तुरुंगाचा भार तर सहसा काउंटीवर पडतो. गाडीअभावी नोकरी गेली, तर मूळ दंडही बुडतो.

टेक्सासने २००३ मध्ये चालकांवर वार्षिक अधिभार लावणारी योजना सुरू केली. विम्याशिवाय गाडी चालवल्यास दरवर्षी २५० डॉलर, सलग तीन वर्षे; न भरल्यास परवाना निलंबित. उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा ट्रॉमा रुग्णालयांसाठी होता. पण ज्यांच्याकडून वसुली करायची त्यांच्याकडे पैसेच नव्हते आणि थकबाकी फुगत गेली. १ सप्टेंबर २०१९ रोजी योजना रद्द झाली. रुग्णालयांचा पैसा बुडू नये म्हणून राज्याचा वाहतूक दंड ३० वरून ५० डॉलर आणि वाहन विम्यावरील वार्षिक शुल्क २ वरून ४ डॉलर करण्यात आले. आधी पर्यायी उत्पन्न उभे केले म्हणूनच ही सुधारणा मंजूर झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. मिशिगननेही आपले असेच शुल्क २०१८ मध्ये बंद केले आणि ६३ कोटी डॉलरांहून अधिक थकबाकी माफ केली. आकडा डोळे विस्फारणारा आहे, पण तो मिळू शकणाऱ्या पैशाचा समजणे चूक. त्यातली बरीच रक्कम कधीच हाती लागणार नव्हती.

हे बदल वारंवार अर्थसंकल्पाच्या वाटेने आले आहेत. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये दंड थकल्यामुळे होणारी निलंबने अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकातून थांबवली. व्हर्जिनियात २०१९ मध्ये स्वतंत्र विधेयक समितीतच पडले. मग गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी अर्थसंकल्पात दुरुस्ती सुचवली आणि १ जुलैपासून ६ लाखांहून अधिक लोकांना परवाना परत मिळण्याचा मार्ग खुला झाला. ही तरतूद अर्थसंकल्पापुरतीच होती. ती कायम करणारा कायदा २०२० मध्ये आला.

प्रक्रियेलाही किंमत असते. सरकारने योग्य प्रक्रियेशिवाय परवाना काढून घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियातील बेल विरुद्ध बर्सन खटल्यात १९७१ मध्ये ठरवले. किती प्रक्रिया पुरेशी, हे तोलण्याची कसोटी १९७६ च्या मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज निकालाने दिली आणि त्यात जादा सुनावण्यांचा सरकारवरील आर्थिक व प्रशासकीय भार हा एक घटक स्पष्टपणे धरला. त्याच वर्षी मिनेसोटाने दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना फौजदारी निकालाची वाट न पाहता विभागीय आदेशाने रद्द करण्याची पद्धत आणली. अशा पद्धतीत परवान्याचा निर्णय लवकर होतो, पण विभागाला सुनावणी अधिकारी नेमावे लागतात आणि पोलिसांना साक्षीसाठी तिथेही वेळ द्यावा लागू शकतो.

राज्यांचे हात केंद्रीय कायद्यानेही बांधलेले आहेत. मुलांच्या पालनपोषणाची रक्कम थकवणाऱ्याचा परवाना निलंबित करण्याची तरतूद १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बंधनकारक केली. ती काढून टाकणाऱ्या राज्याचे केंद्रीय अनुदान धोक्यात येते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतही केंद्राने निलंबनाची अट महामार्ग निधीशी जोडली आहे; तिथे मात्र गव्हर्नर आणि विधिमंडळ यांनी विरोध अधिकृतपणे कळवला, तर निलंबन न करताही हा निधी शाबूत राहतो.

टिपणांत एकवेळचा आणि कायमचा खर्च वेगळा मांडणे गरजेचे असते. संगणक प्रणालीत बदल करणे, जुनी निलंबने शोधून उठवणे, लाखो चालकांना पत्रे पाठवणे हा खर्च पहिल्या वर्षीच येतो. शुल्काची घट दरवर्षी होते आणि विभागाला ती नेमकी मोजता येते. टळलेले खटले आणि तुरुंगातले वाचलेले दिवस मोजायचे तर काउंटीनिहाय नोंदी लागतात. त्या हाताशी नसल्या की टिपणात बचतीपुढे ‘निश्चित सांगता येत नाही’ एवढाच शेरा पडतो आणि विधेयकावर मतदान करणाऱ्या सदस्यांसमोर फक्त तोट्याचा आकडा उरतो.