एसीएलच्या ऑपरेशनमध्ये स्टेम सेल कुठून आल्या?

पंचवटीत कबड्डी खेळताना माझ्या मावसभावाचा गुडघा फिरला, कट्ट असा आवाज आला, एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. नाशकातच एका ठिकाणी ऑपरेशनबद्दल विचारायला गेलो तर सोबत स्टेम सेलचं (ज्यांच्यापासून शरीरात दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचं) इंजेक्शन घ्या, लिगामेंट लवकर धरेल असं सांगितलं, त्याचा खर्च वेगळा. मावशी तर दागिने मोडायला तयार झाली, तेव्हा मी रात्र रात्र बसून हे सगळं मुळापासून वाचून काढलं.

तुटलेलं लिगामेंट नुसतं शिवायचा प्रयत्न फार जुना आहे, १८९५ मध्ये इंग्लंडात लीड्सला मेयो रॉबसन या सर्जनने एका खाण कामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंट शिवली होती. पण एसीएल सांध्याच्या पाण्यात असतं, तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही त्यामुळे शिवलेलं बऱ्याचदा जुळतच नाही. म्हणून १९१७ मध्ये हे-ग्रोव्हज नावाच्या सर्जनने मांडीच्या बाजूची पट्टी वळवून नवीन लिगामेंट केलं, १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालची शीर (म्हणजे टेंडन, रक्ताची शीर नव्हे) वापरली, आणि आता बहुतेक ठिकाणी मांडीमागची हॅमस्ट्रिंग घेतात. ऐंशीच्या दशकात कार्बन फायबर, गोअर-टेक्सची कृत्रिम लिगामेंट पण आली होती, खूप गाजावाजा झाला, मग ती तुटायला लागली, गुडघे सुजायला लागले आणि बहुतेक मागे पडली.

खरी अडचण मात्र ऑपरेशन झाल्यावर सुरू होते आणि हेच कोणी नीट सांगत नाही. हाडात बोगदा पाडून त्यातून शीर ओवतात, पण ती शीर सुरुवातीला जवळपास मेलेली असते, तिच्यातल्या पेशी मरतात, मग नवीन रक्तवाहिन्या आत शिरतात आणि हळूहळू तिचं लिगामेंटसारखं रूपांतर होतं, आणि या मधल्या काळात ती उलट कमजोर होते. १९९३ मध्ये रोडिओ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर दाखवलं की आठ आठवड्यांपर्यंत ओढलं तर शीर बोगद्यातून सरळ उपसून येते, बाराव्या आठवड्यात कुठे ती हाडाला नीट धरते. निसर्गात लिगामेंट आणि हाडाच्या मध्ये कूर्चेचे थर असतात, ऑपरेशननंतर तिथे नुसता व्रणासारखा धागेदार भाग भरतो. शीर आणि हाडाचा हा जोड सुधारायचा, यासाठी स्टेम सेलचा विचार झाला.

त्या पेशींची गोष्ट वेगळीकडे चालू होती. साठ-सत्तरच्या दशकात सोव्हिएत रशियात फ्रीडेनश्टाइन यांनी अस्थिमज्जेत हाड बनवू शकणाऱ्या पेशी दाखवल्या, १९९१ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना मेसेनकायमल स्टेम सेल म्हटलं. २००४ मध्ये सिंगापूरला सशांच्या शिरेवर या पेशी लावून गुडघ्यात बसवली तर आठ आठवड्यांत बोगद्यात कूर्चा तयार झालेली दिसली. एवढं वाचून मलाही वाटलं की घ्यावंच इंजेक्शन! पण माणसांवर पोर्तुगालमध्ये, २०१४ ला, मज्जेतल्या पेशी न वाढवता तशाच घालून पाहिल्या तर तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये फरक दिसला नाही. आणि २०१७ मध्ये खुद्द कॅप्लननीच लिहिलं की हे नाव बदला, या पेशी स्वतः नवीन ऊती बनत नाहीत, आजूबाजूला रसायनांचे सिग्नल देतात.

(पीआरपी म्हणजे स्टेम सेल नाही, ते आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स असतात, काही जण दोन्ही एकच म्हणून सांगतात.)

आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच (माणसांवरच्या चाचणीतच) देता येतात. त्यामुळे कोणी देऊ म्हटलं तर ट्रायलचा सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर) मागा, एथिक्स कमिटीची मंजुरी बघा. आम्ही त्या ठिकाणी नंबर मागितला तर विषयच बदलला.

भावाचं ऑपरेशन नंतर दुसरीकडे झालं, साधं हॅमस्ट्रिंगचं. आता चौथा महिना आहे, रोज फिजिओ करतो, आणि नऊ महिन्यांआधी रेड टाकायची नाही असं डॉक्टरांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.