मांजराचा लळा (बेळगाव सीमाभाग)

मांजराचा लळा : मांजर आणि त्याला जीव लावणारी माणसे यांच्यात रोजच्या सहवासातून जुळणारा स्नेहबंध. प्रस्तुत नोंद कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यापुरती, म्हणजे प्रामुख्याने बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या परिसरापुरती मर्यादित आहे. मराठीत कुत्रा पाळतात, म्हैस बांधतात. मांजराच्या बाबतीत मात्र ‘लळा लागणे’ आणि ‘लळा लावणे’ हेच शब्द तोंडी येतात, आणि ‘लळा लावला’ या वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा मांजर असते. ‘आम्ही मांजर आणले’ असे सांगणाऱ्यांपेक्षा ‘ते आपले आपण आले आणि राहिले’ असे सांगणारेच या भागात जास्त भेटतात.

‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’ आणि प्राकृत ‘मज्जार’ या वाटेने मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे हा धातू असून, अंग चाटूनपुसून लख्ख ठेवणारा प्राणी असा त्याचा अर्थ होतो. नराला बोका, मादीला मांजरी किंवा भाटी म्हणतात. सीमाभागात याच्या जोडीला कन्नड ‘बेक्कु’ हा शब्दही रोज कानावर पडतो. कन्नड व्याकरणात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही मुख्यतः माणसे आणि देवदेवता यांच्यासाठी राखीव असून इतर प्राणी नपुंसकलिंगात जातात. मराठीतही ‘मांजर आले’ हे नपुंसकलिंगीच. पण नाव ठेवल्याबरोबर ‘मनी आली’, ‘बोक्या आला’ असे होते. लळ्याची पहिली खूण अशी व्याकरणात उमटते. म्हणींची देवघेवही दुतर्फा आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर दोन्ही भाषांत आहे, आणि ‘बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट’ (मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो) ही कन्नड म्हण निम्मीअधिक तरी मराठी माणसाला न सांगता कळते.

या बंधाचा उगम धान्यात आहे. पश्चिम आशियात शेती सुरू होऊन धान्याचे साठे होऊ लागले, साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागोमाग तिथले रानमांजर वस्तीत शिरले; आजचे घरमांजर त्याच जातीपासून उतरले असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, जेमतेम हातभर अंतरावर, मांजराचे दफन आढळले असून हा शोध २००४ मध्ये जाहीर झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, त्यामुळे ते मांजर माणसानेच नावेतून नेले असले पाहिजे.

खानापूर तालुक्यातील भातशेतीच्या गावांत हा जुना व्यवहार अजूनही डोळ्यांदेखत चालतो. सुगीनंतर भात घरात येते, कणगी भरते, गवताची गंजी रचली जाते आणि उंदरांचा सुकाळ होतो. कौलारू घराचा माळा, आढे आणि कणगीमागची अंधारी जागा ही मांजराची हद्द. तिथे माणसाचा हात पोहोचत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीतल्या जांबोटी-कणकुंबी भागात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तेव्हा ही हद्द आकसून चुलीपाशी येते. रात्री चूल विझल्यावर वैलाजवळच्या कोमट राखेत अंग मुडपून झोपलेले मांजर सकाळी उठते तेव्हा पाठीवर करडा थर असतो आणि एका बाजूच्या मिशा करपून आखूड झालेल्या असतात. घरची म्हातारी चूल पेटवण्याआधी हाताने चाचपून बघते, ‘ऊठ की गं मने’ म्हणते, आणि मगच काडी ओढते. याच तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या जंगलात वाघाटी आणि रानमांजर हे घरमांजराचे रानटी भाऊबंद आढळतात, पण ते माणसाला धरून राहत नाहीत. उदमांजर तर नावापुरतेच मांजर आहे. त्याचे कुळ वेगळे.

पेठेच्या गावांत उंदराचे काम कमी होते आणि मांडीचे वाढते. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. ज्या मांडीवर मांजराला बसायचे असते तिथे दिवसभर सूप असल्याने ते शेजारी दबा धरून राहते आणि सूप खाली ठेवले की क्षणात जागा पटकावते. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकरांच्या घरी मांजराशी दुहेरी नाते असते : खळ दिलेल्या सुताला उंदीर लागू नयेत म्हणून ते हवे असते, आणि कांडीवरचा हलता धागा पाहून त्याला धीर धरवत नाही म्हणून मागाच्या खोलीतून हाकलावेही लागते.

आहाराच्या बाबतीत माणसाचे प्रेम आणि मांजराचे शरीर यांचा मेळ नीट बसत नाही. या जिल्ह्यात जैन आणि लिंगायत समाजाची वस्ती मोठी असून त्या घरांतली मांजरे दूधभातावर वाढतात. इतर घरांतही ‘मांजराचा घास’ म्हणजे दूधभातच. वास्तविक मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य मांसातूनच मिळते, ते दीर्घकाळ न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय यांवर परिणाम होतो, आणि वयात आलेल्या बऱ्याच मांजरांना दूध नीट पचतही नाही. तरीही दूधभातावरची मांजरे धडधाकट दिसतात, कारण ती बाहेर शिकार करतात. शाकाहारी घरातली मनी अर्धमेला उंदीर आणून सोप्यावर ठेवते तेव्हा घरात उडणारी तारांबळ ही या भागातली नेहमीची गोष्ट आहे. श्रावणात मासळी बंद झाली की मटण-मासळी शिजणाऱ्या शेजारघरी मांजराच्या फेऱ्या वाढतात, आणि एकच मांजर तीन घरांत तीन नावांनी जेवते हे तिन्ही घरांना ठाऊक असून कोणी ते मनावर घेत नाही.

मांजर माणसाशी बांधले जाते की नुसते घराशी, हा वाद जुना आहे. ‘कुत्रे माणसाचे, मांजर वास्तूचे’ असे इथे सर्रास बोलले जाते. अलीकडच्या संशोधनाने या समजाला बराच तडा दिला आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिलांनी, आपल्या माणसाच्या परतण्याने आश्वस्त होऊन पुन्हा खेळू लागणे, अशी सुरक्षित ओढ दाखवली. हे प्रमाण मानवी बालकांच्या जवळपास आहे. जपानमधील २०१३ च्या प्रयोगात मांजरे आपल्या माणसाचा आवाज अनोळखी आवाजांतून ओळखतात असे दिसले, मात्र ती कान आणि मान वळवून थांबली, उठून आली नाहीत. मांजर बाळगणाऱ्या कोणालाही यासाठी प्रयोगाची गरज पडली नसती. मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच ‘म्याव’ करतात. तो आवाज मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. खायला मागताना काढलेल्या घुरघुरीत मूल रडल्यासारखा एक उंच सूर मिसळलेला असतो आणि तो माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे २००९ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवले. माणसाने सावकाश डोळे मिटले-उघडले तर मांजरही तसेच करते, असे २०२० च्या अभ्यासात आढळले. लळ्याचा पाया दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात घातला जातो : त्या काळात माणसाचा हात लागलेले पिलू जन्मभर माणसाळलेले राहते, न लागलेले बहुधा बुजरे होते.

नेमक्या याच काळात मांजरी पिलांच्या जागा बदलते, आणि त्यावरून ‘मांजर पिलांना सात घरे दाखवते’ हा समज रूढ आहे. तिचे दात पिलांना लागत नाहीत, ही म्हणही याच दृश्यातली. मानगुटीला धरले की पिलू अंग सैल सोडते. या निःशंक शरणागतीवरून रामानुज या वैष्णव आचार्यांच्या संप्रदायातील तेंगलै शाखेने भक्ताने स्वतः काही न करता देवावर भार टाकावा असा ‘मार्जारकिशोर न्याय’ मांडला, तर वडगलै शाखेने आईला घट्ट धरून राहणाऱ्या माकडाच्या पिलाचा दाखला दिला. षष्ठी देवीचे वाहन म्हणून मांजराला बाळंतघरी मान आहे, आणि मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते या धाकाने मारण्याचे पाप सहसा कोणी घेत नाही.

सोडून देण्याचे मात्र घेतात. पिले जास्त झाली की पोत्यात घालून गावाबाहेर किंवा बाजाराच्या कडेला सोडण्याची रीत अजून चालू आहे. उपासमारीने तडफडेल अशा अवस्थेत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण काशीच्या सोन्याइतका त्याचा धाक नाही. पोत्यातले मोठे मांजर पुष्कळदा दोन-चार दिवसांत धुळीने माखून दारात येऊन बसते. अशा परत आलेल्या मांजराला पुन्हा सोडायला घरातले कोणी धजत नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया हा खरा उपाय शहरात रुळू लागला असला तरी खेड्यांत त्यासाठी मांजर दवाखान्यात नेणे अजून थोडे चेष्टेचेच मानले जाते.

पिलू विकत घेण्याची चाल जुन्या घरांत नाही. ते मागून आणतात, आणि वाट कळू नये म्हणून पिशवीत झाकून आणतात. उलट खेड्यातील घर बंद करून कुटुंब बेळगाव शहरातल्या टिळकवाडी-अनगोळकडच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते, तेव्हा वयस्क मांजर बहुधा मागेच राहते. जुन्या घराची किल्ली शेजारी ठेवताना मांजराचे दूधही त्याच घरी लावून दिले जाते.