माकडतापाची पहिली खबर

मराठीत वानर आणि माकड हे दोन वेगळे प्राणी आहेत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे आणि डोक्यावर केसांची टोपी ठेवल्यासारखे दिसणारे ते माकड. पश्चिम घाटातल्या एका विषाणूला मात्र हा फरक कळत नाही. तो दोघांच्याही अंगात शिरतो आणि थोड्याच दिवसांत त्यांचा जीव घेतो. जंगलाच्या कडेला, पाणवठ्याजवळ, काजूच्या बागेत ती मरून पडलेली दिसतात. माणसांना ताप येऊ लागण्याआधी बरेचदा हीच पहिली खबर असते. ती कोणी कळवली की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.

ही गोष्ट सुरू होते कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात. १९५७च्या सुरुवातीला तिथल्या गावांत लोक जोरदार तापाने आजारी पडू लागले आणि त्याच सुमारास जंगलात माकडे मरत होती. पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राला हे कळले तेव्हा ते केंद्र जेमतेम पाच वर्षांचे होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते १९५२ साली उभे केले होते. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था किंवा नुसते एनआयव्ही म्हणतो.

पुण्याच्या शास्त्रज्ञांना धडकी भरली ती एका वेगळ्याच शंकेने. माकडे मरतात, माणसे तापतात, रक्तस्राव होतो, असे चित्र दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) साथीत दिसते. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे आणि तो ज्वर कधीच न झालेले कोट्यवधी लोकही आहेत. आफ्रिकेतल्या काही देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे आजही विमानतळावर लशीचा दाखला मागतात, तो याच भीतीपोटी. केंद्राचे संचालक टेलफोर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली पथक सोरबला गेले. मेलेल्या माकडांचे, आजारी माणसांच्या रक्ताचे आणि जंगलातल्या गोचिडींचे नमुने घेतले गेले. त्या काळी विषाणू शोधायचा म्हणजे नमुना उंदराच्या तान्ह्या पिल्लांना टोचायचा, पिल्ले आजारी पडतात का ते पाहायचे आणि मग त्यांच्या मेंदूतून विषाणू वेगळा करायचा. त्यातून हाती आलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. तो जगाला नवा होता आणि डासांतून नाही, गोचिडीतून पसरत होता. जंगलाचेच नाव त्याला मिळाले. कर्नाटकात लोक या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणतात, आपण माकडताप म्हणतो.

पण या विषाणूचे जवळचे नातेवाईक होते थेट रशियात! तिकडच्या जंगलांत वसंत-ग्रीष्मात येणारा मेंदूज्वर याच कुळातल्या विषाणूमुळे होतो. मग हा मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, आला कसा? सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तो आणला असेल, असा तर्क पुढे आला. तो तपासण्यासाठी पक्षीतज्ज्ञ सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतरित पक्ष्यांना पकडून, कडी घालून सोडण्याची मोठी मोहीम हाती घेतली. विषाणूच्या बाबतीत पक्षी निर्दोष ठरले म्हणावे लागेल, कारण ठोस पुरावा मिळाला नाही. पण भारतातल्या पक्षी स्थलांतराविषयी आपल्याला जे कळले, त्याचा मोठा भाग या तापाच्या शोधातून आला. शिवाय सोरबच्या साथीआधीच सौराष्ट्र आणि कच्छमधल्या लोकांच्या रक्तात या कुळाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे हे कुळ इथे आधीपासून असावे, फक्त कोणी त्याला शोधत नव्हते.

गोचीड म्हणजे गुरांच्या कानामागे फुगून बसलेला राखाडी दाणा, एवढीच आपली ओळख. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही माकडतापाची मुख्य गोचीड आयुष्यात तीनच वेळा जेवते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्राण्यावर. अंड्यातून निघालेले सहा पायांचे बारीक पिल्लू उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी किंवा माकडावर चढते. रक्त पिऊन ते खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचे होते. या मधल्या अवस्थेतली गोचीड तिळाएवढीही नसते आणि माणसाला मुख्यतः तीच चावते. पूर्ण वाढलेली गोचीड गाय, म्हैस, सांबर अशा मोठ्या जनावरावर जाते. पहिल्या जेवणात शिरलेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्या अंगात राहतो.

माकड मरते तेव्हा खरा घोटाळा होतो. अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात, म्हणजे पालापाचोळ्यात, पसरतात. एरवी साऱ्या जंगलात विखुरलेला विषाणू आता एका जागी दाटून बसतो. सरपणाला, पातेरा गोळा करायला, गुरे वळायला किंवा काजू वेचायला कोणी त्या जागेवर गेले की तो माणसात येतो. पुढे मात्र त्याची वाट बंद होते, कारण माणसाकडून माणसाला माकडताप होत नाही. ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही, हे गावागावांत ओरडून सांगायला हवे.

गुरांची भूमिका याहून चोरटी आहे. त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही, पण पूर्ण वाढलेल्या गोचिडींना ती पोटभर जेवण देतात आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. योर्गे बॉशेल या कोलंबियन डॉक्टरांनी हे फार आधी ओळखले होते. कोलंबियात असताना, लाकूडतोडे उंच झाड पाडतात तेव्हा शेंड्यावरचे निळे डास खाली माणसांच्या अंगावर येतात आणि जंगली पीतज्वर असा पसरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तीच नजर घेऊन ते शिमोग्यात आले. जंगल तोडून शेते झाली, शेतांच्या कडेला झुडपे माजली, तिथे गुरे चरू लागली, गोचिडी वाढल्या आणि आधी जंगलात गुपचूप फिरणारा विषाणू माणसांपर्यंत पोचला, अशी मांडणी त्यांनी १९६९ साली केली. १९८३च्या सुमारास दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात जंगल कापून काजू लावला जात असताना माकडतापाची सर्वांत मोठी साथ आली आणि दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले. अलीकडे संगणकावर बनवलेले जोखमीचे नकाशेही हीच दिशा दाखवतात. ओल्या सदाहरित जंगलाची आणि लागवडीची सरमिसळ असलेल्या पट्ट्यात धोका जास्त, असे ते सांगतात.

पन्नासेक वर्षे हा रोग कर्नाटकातच आहे असे सगळे धरून चालले. मग २०१२ साली बंदीपूरच्या जंगलात मेलेली माकडे हाताळून त्यांची विल्हेवाट लावणारे लोक आजारी पडले. पुढे केरळात वायनाड, २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातले पाली गाव, २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुका आणि २०१७ साली बांद्याचा परिसर. विषाणू नव्याने पसरत गेला की तो तिथे होताच आणि आपण आता पाहू लागलो? मला दोन्ही थोडेथोडे खरे वाटते. तापाला नाव नसेल तर तो मोजला जात नाही. डेंगी, लेप्टो, हिवताप यांच्या चाचण्या झाल्या, सगळ्या नकारात्मक आल्या की कागदावर ‘विषाणूजन्य ताप’ लिहिला जातो आणि शोध तिथेच थांबतो.

आणि माकडताप फसवायला सोपा आहे. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखे दुखणे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, म्हणजे अहवाल अगदी डेंगीसारखा. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बरेच जण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतात. पण काही रुग्णांना ताप उतरून बरे वाटू लागल्यावर तो पुन्हा चढतो आणि या वेळी मान आखडणे, हात थरथरणे, भ्रम अशी मेंदूची लक्षणे घेऊन येतो. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूवर नेमके औषध नाही. पाणी, क्षार, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर उपचार यांवरच रुग्ण तरतो, म्हणून निदान लवकर होणे एवढे महत्त्वाचे.

निदानाला दोन खिडक्या आहेत. पहिल्या आठ-दहा दिवसांत विषाणू रक्तात असतो. तेव्हा आरटी-पीसीआर करून त्याच्या आरएनएचा तुकडा असंख्य पटींनी वाढवून ओळखता येतो. कोरोनामुळे हे नाव आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पाच-सहा दिवसांनंतर शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडे एलायझा चाचणीत दिसू लागतात. उशिरा आलेल्या रुग्णाची फक्त पीसीआर केली तर ती नकारात्मक येते आणि रोग नाही असा चुकीचा दिलासा मिळतो. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, ही तारीख नमुन्यासोबत लिहिलेली असणे हे यंत्राइतकेच मोलाचे आहे.

जिवंत विषाणू हाताळणे मात्र जोखमीचे. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांपैकी अनेकांना हाच ताप झाला. पुण्याच्या एनआयव्हीत २०१२ साली सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे चौथ्या स्तराची प्रयोगशाळा उभी राहिली, ती अशा विषाणूंसाठीच. पण दोडामार्गाच्या डोंगरातल्या रुग्णाला पुणे लांब पडते. एनआयव्हीने गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या साथीने ट्रूनॅट यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तयार केली, ती मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हे यंत्र अनेक ग्रामीण रुग्णालयांत आधीच आहे. ते बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही.

लशीची कहाणी तेवढी सुखाची नाही. सुरुवातीला रशियन विषाणूची लस वापरून पाहिली, तिने संरक्षण दिले नाही. नंतर बनवलेली भारतीय लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण, असे एका अभ्यासात दिसले. पण ती टोचल्यावर दुखते, पुनःपुन्हा घ्यावी लागते, आणि तिची परिणामकारकता घसरल्यामुळे २०२२ साली ती थांबवावी लागली. नव्या लशीवर काम चालू आहे.

तोवर माकडाकडेच लक्ष ठेवायचे. मेलेले दिसले तर वनखाते किंवा आरोग्य केंद्राला कळवायचे, हात लावायचा नाही. कोकणात वानर म्हणजे मारुतीचे रूप. त्याला पुरण्याआधी हळदकुंकू वाहणारे हात श्रद्धेचे असतात, हे मला मान्य आहे, पण गोचिडी त्याच हातांवर चढतात. पशुवैद्यक योग्य पोशाखात नमुना घेतात आणि त्या जागेवर कीटकनाशक भुकटी मारली जाते. शव लवकर सडते. उशीर झाला की चाचणीतून काही हाती लागत नाही.

पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांवर आणि सांबरांवर जेवून खाली पडतात आणि ओल्या मातीत अंडी घालतात. पाऊस ओसरला की पिल्ले गवताच्या टोकांवर चढून बसतात आणि डिसेंबरपासून मधल्या अवस्थेतल्या गोचिडी पातेऱ्यात दिसू लागतात. याच दिवसांत कोकणात काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, उरकलेली असते आणि फेब्रुवारीत पहिला बोंडू गळतो.