गोव्यातील चित्रपट परिनिरीक्षण व प्रमाणन

सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी चित्रपट पाहून तो कोणत्या वयोगटासाठी खुला करावा, त्यातील कोणता भाग गाळावा किंवा बदलावा आणि प्रसंगी तो दाखवूच देऊ नये, हे ठरविणाऱ्या शासकीय व्यवस्थेला चित्रपट परिनिरीक्षण म्हणतात. गोव्यात ही व्यवस्था १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमाखाली, म्हणजे केंद्रीय कायद्याने चालते. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या नऊ प्रादेशिक कार्यालयांपैकी एकही राज्यात नाही, त्यामुळे चित्रपट कोकणी असो वा मराठी, गोमंतकीय निर्मात्याला सामान्यतः मुंबईचे कार्यालय गाठावे लागते. गोव्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो तो दोन कारणांनी. या प्रदेशाने पोर्तुगीज आणि भारतीय अशा दोन सेन्सॉर-परंपरा एकामागून एक अनुभवल्या. शिवाय २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, पणजीत भरू लागल्यावर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट कायद्याची सूट घेऊन दाखविले जाण्याचे गोवा हे देशातील एक प्रमुख ठिकाण ठरले.

मुक्तीपूर्व काळ : पोर्तुगालमध्ये ६ मे १९२७ च्या १३,५६४ क्रमांकाच्या आदेशाने नाट्यगृहे व चित्रपटगृहे यांवर सविस्तर नियंत्रण आले. स्त्रियांना होणारी मारहाण, माणसांचा व प्राण्यांचा छळ, नग्न पात्रे, कामुक नृत्ये, शस्त्रक्रिया, देहदंड, कुंटणखाने, खून आणि घरफोडीची पद्धत समजेल असे चित्रण अशी वर्ज्य दृश्यांची यादीच त्यात दिली होती. प्रचलित राजकीय व सामाजिक व्यवस्थेला बाधक ठरणारे चित्रपटही निषिद्ध होते. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, १९३३ च्या संविधानाबरोबर, वृत्तपत्रांची पूर्वतपासणी ११ एप्रिल १९३३ च्या आदेशाने पक्की झाली. गोव्याच्या संदर्भात १९२७ हे प्रारंभवर्ष मानण्याचा मोह होतो. तथापि खुद्द पोर्तुगालमधील कायदा वसाहतीत लागू होण्यासाठी तो तेथील शासकीय राजपत्रात, म्हणजे ‘बोलेतीं ओफिसियाल’मध्ये, प्रसिद्ध व्हावा लागे. म्हणून लिस्बनच्या आदेशाची तारीख हीच गोव्यातील अंमलाची तारीख समजणे धोक्याचे आहे. १९३० च्या दशकात गोव्यात सर्वंकष पूर्वतपासणी रूढ झाली एवढेच विधान अधिक सुरक्षित ठरते. लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, असे त्या काळाच्या आठवणींत वारंवार सांगितले जाते. मुद्रित शब्दाविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या राजवटीने पडद्याकडे कानाडोळा केला असेल, असे मानण्यास आधार नाही.

शेजारच्या ब्रिटिश भारतात १९१८ चा कायदा होता आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे स्वतंत्र मंडळे काम करीत होती. मुंबई मंडळाच्या प्रमाणपत्राला गोव्यात कायद्याचे बळ नव्हते. पहिला कोकणी बोलपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा भारतातही केंद्रीय मंडळ स्थापन व्हायचे होते; ते १९५१ मध्ये अस्तित्वात आले.

भारतीय कायद्याचा अंमल केव्हापासून : ‘१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय सेन्सॉर लागू झाला’ असे सरसकट म्हटले जाते. ते कायद्याच्या दृष्टीने अचूक नाही, म्हणून या मुद्द्याचा थोडा विस्ताराने विचार करणे भाग आहे. संविधानाच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा संघप्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारताच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाला. १९५२ चा अधिनियम ‘संपूर्ण भारता’ला लागू असल्याचे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे, त्यामुळे भूभाग भारताचा झाला त्याच दिवशी कायदाही आला, असा युक्तिवाद करता येतो. परंतु गोवा, दमण व दीव (प्रशासन) अधिनियम, १९६२ याच्या कलम ५ ने मुक्तीपूर्वी चालू असलेले कायदे, ते सक्षम विधिमंडळाकडून रद्द वा दुरुस्त होईपर्यंत, चालू ठेवले. कलम ६ ने भारतीय कायदे आवश्यक त्या फेरफारांसह या प्रदेशाला लागू करण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला. भारतीय कायदे आपोआप आले असते तर या दुसऱ्या कलमाला प्रयोजनच उरले नसते. त्यानंतर १९६२ च्या १२ क्रमांकाच्या विनियमाने जे अनेक केंद्रीय कायदे गोव्याला लावण्यात आले, त्यांत सिनेमॅटोग्राफ अधिनियमाचा समावेश आहे. ही साखळी पाहता विनियम क्रमांक १२ हाच खरा आरंभबिंदू मानणे सयुक्तिक वाटते. मधल्या काळात पोर्तुगीज नियम कागदोपत्री जिवंत होते, मात्र ते राबविणारी यंत्रणा कोसळलेली होती.

संघप्रदेश असण्याचा आणखी एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. अधिनियमाचा दुसरा भाग चित्रपटाच्या प्रमाणनाविषयी आहे व तो देशभर चालतो. चित्रपटगृहांचे परवाने आणि स्थानिक स्थगितीचे अधिकार देणारा तिसरा भाग मात्र केवळ संघप्रदेशांपुरता आहे, कारण राज्यांनी त्या विषयावर आपापले कायदे करावेत अशी योजना होती. त्यामुळे मुंबईतील चित्रपटगृह राज्याच्या कायद्याखाली आणि पणजी, म्हापसा वा मडगावचे चित्रपटगृह थेट केंद्रीय अधिनियमाच्या तिसऱ्या भागाखाली, अशी स्थिती होती. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, तेव्हा पुनर्रचनेच्या कायद्याने आधीचे कायदे पुढे चालू ठेवले.

अब्बास खटला : भारतीय परिनिरीक्षणाचा घटनात्मक पाया ज्या निवाड्याने घातला, त्याचा वादी गोव्याशी एका वेगळ्याच धाग्याने जोडलेला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ मध्ये गोवा मुक्तिलढ्यावर ‘सात हिंदुस्तानी’ हा चित्रपट केला. त्याच सुमारास त्यांच्या चार महानगरांवरील लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर मंडळाने हरकत घेतली. खटला सुरू झाल्यावर शासनाने लघुपटाला कोणतीही काटछाट न करता सर्वांसाठी खुले प्रमाणपत्र देऊ केले, तरी अब्बास यांनी पूर्वतपासणीच्या तत्त्वालाच आव्हान दिले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २४ सप्टेंबर १९७० च्या निकालात पूर्वतपासणी वैध ठरविली. चित्रपटाचा परिणाम इतर कलांपेक्षा अधिक थेट होतो, हे त्यामागील कारण होते. लैंगिक विषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत आणि कलात्मक मूल्याला निकषांत स्थान हवे, असेही त्यांनी बजावले. निकालाचा हा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतक्याच आग्रहाने उद्धृत व्हायला हवा होता. १९८१ च्या दुरुस्तीने अपील न्यायाधिकरणाची तरतूद केली. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झाले आणि तेव्हापासून मंडळाच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे लागते. तुटपुंज्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या कोकणी चित्रपटाच्या निर्मात्याला हा मार्ग पूर्वीपेक्षा निश्चितच महाग पडतो, आणि कात्री मुकाट्याने स्वीकारण्याकडे कल वाढण्याची भीती त्यात आहे.

वर्गीकरण : सर्वांसाठी खुला ‘यू’ व केवळ प्रौढांसाठीचा ‘ए’ हे दोन वर्ग १९४९ पासूनचे आहेत. १९८३ मध्ये मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांसाठीचा ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिक प्रेक्षकांसाठीचा ‘एस’ हे वर्ग आले व मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन उपवर्ग केले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून टाकली. चित्रपट सुरू होताना पडद्यावर झळकणाऱ्या प्रमाणपत्रावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी व वर्ग असतो. जुन्या प्रमाणपत्रावर एक छोटा त्रिकोण दिसला की काही भाग कापला गेला आहे, हे जाणकार प्रेक्षक ओळखत. काय कापले, ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात नोंदलेले असे आणि तो भाग सहसा पडद्यावर येत नसे.

आक्षेपार्ह आशय आणि गोव्याचे चित्रण : मंडळाचे निर्णय अधिनियमाच्या कलम ५ ब आणि ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे यांवर आधारलेले असतात. हिंसेचे उदात्तीकरण, मद्यपानाचे समर्थन, अमली पदार्थांचे आकर्षक चित्रण, स्त्रियांना हीन लेखणारी दृश्ये, वांशिक, धार्मिक वा अन्य समूहांविषयी तुच्छता दर्शविणारे शब्द या बाबी त्यांत आहेत. त्याचबरोबर चित्रपट समग्र परिणामाच्या दृष्टीने आणि देशातील समकालीन मानदंडांच्या प्रकाशात पाहावा, असेही सांगितले आहे. येथे ‘देशातील’ हा निकष गोव्याच्या बाबतीत अडचणीचा होतो. काजूची फेणी हा ज्या समाजात घरगुती व्यवसाय आहे आणि २००९ पासून भौगोलिक मानांकन लाभलेले उत्पादन आहे, तेथे पेला हाती घेतलेले पात्र दाखविणे म्हणजे मद्यपानाचे समर्थन होतेच असे नाही.

गोव्यातून उमटलेल्या तक्रारींचा रोख मात्र अश्लीलतेपेक्षा प्रतिमेवर अधिक असतो. स्वस्त दारू, अमली पदार्थ आणि सैल नीतिमत्तेच्या स्त्रिया ही हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे रंगविलेली गोव्याची ओळख गोमंतकीयांना जिव्हारी लागते, आणि हा राग रास्त आहे. २०११ मध्ये ‘दम मारो दम’ या चित्रपटाच्या जाहिरातीतील गोव्यातील स्त्रियांविषयीच्या संवादावरून राज्यात मोठा क्षोभ झाला. स्त्रियांची अवहेलना आणि समूहाविषयी तुच्छता ही दोन्ही मार्गदर्शक तत्त्वे या संवादाला लागू पडतात, तरी एखाद्या प्रदेशाची बदनामी हा स्वतंत्र निकष कायद्यात नाही. २०२० मध्ये आणखी एका हिंदी चित्रपटानंतर मुख्यमंत्र्यांनी चित्रीकरणाला परवानगी देण्यापूर्वी पटकथा पाहण्याची भूमिका बोलून दाखविली. नाराजी समजण्याजोगी असली तरी हा उपाय योग्य वाटत नाही. चित्रीकरणाचा परवाना हे परिनिरीक्षणाचे साधन झाले, तर कायद्याने मंडळाला घातलेल्या मर्यादा त्याला उरणार नाहीत.

स्थानिक स्थगिती : अधिनियमाच्या तिसऱ्या भागातील कलम १३ नुसार शांतताभंगाची शक्यता असल्यास जिल्हा दंडाधिकारी प्रमाणित चित्रपटाचेही प्रदर्शन दोन महिन्यांपर्यंत थांबवू शकतो व मुदत वाढविता येते. २००६ च्या मे महिन्यात ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाला मंडळाने ‘ए’ प्रमाणपत्र दिले असतानाही ख्रिस्ती समाजाच्या भावनांचा विचार करून ज्या राज्यांनी त्यावर बंदी घातली, त्यांत गोवा होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन खटल्यात निदर्शनांची वा हिंसेची धमकी हे अभिव्यक्ती दडपण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले होते. १८ जानेवारी २०१८ रोजी ‘पद्मावत’ प्रकरणात प्रमाणित चित्रपटावरील काही राज्यांच्या बंदीला न्यायालयाने स्थगिती दिली. सुव्यवस्था राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा त्यामागील विचार होता.

महोत्सवातील सूट : अधिनियमाच्या कलम ९ नुसार केंद्र शासन चित्रपटाला प्रमाणनातून सूट देऊ शकते. महोत्सवांना याच आधारावर सूट मिळते. प्रदर्शन अव्यावसायिक व नोंदणीकृत प्रतिनिधींपुरते असावे लागते. जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील बहुपडदा चित्रपटगृहात वर्षभर प्रत्येक खेळापूर्वी प्रमाणपत्र दिसते. नोव्हेंबरच्या त्या थोड्या दिवसांत त्याच पडद्यावर इराण, कोरिया वा पोर्तुगालचा चित्रपट प्रमाणपत्राविना सुरू होतो. प्रौढ प्रेक्षकांवर विश्वास टाकला तर काय होते, याचा हा दरवर्षीचा अनुभव धोरणकर्त्यांनी अधिक गांभीर्याने पाहायला हवा.

सूट ही शासनाच्या मर्जीची बाब असल्याने तिचा उपयोग उलट दिशेनेही होऊ शकतो. २०१७ मध्ये निवड समितीने भारतीय पॅनोरमा या इफ्फीतील भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी निवडलेले रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ आणि सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम ‘एस दुर्गा’ हे दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळले. समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाने २१ नोव्हेंबर रोजी ‘एस दुर्गा’ दाखविण्याचा आदेश दिला. तरी २८ नोव्हेंबरला, महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी, मंडळाने त्याची फेरतपासणी पुढे केली आणि तो दाखविला गेला नाही. चित्रकारांसमोर नग्न बसून उपजीविका करणाऱ्या स्त्रीची कथा सांगणाऱ्या ‘न्यूड’ला पुढे मंडळाने कोणतीही काटछाट न करता ‘ए’ प्रमाणपत्र दिले व तो २७ एप्रिल २०१८ रोजी प्रदर्शित झाला. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व असे की, जो चित्रपट मंडळाने प्रौढांसाठी जसाच्या तसा मान्य केला, तो प्रौढ प्रतिनिधींच्या महोत्सवात मात्र पाहता आला नाही.

अन्य माध्यमे : तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या चित्रफिती व तबकड्या यांचा गोव्यात मोठा बाजार होता. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ अ नुसार, प्रमाणन आवश्यक असलेल्या चित्रपटाच्या विक्रीसाठीच्या प्रतीवर प्रमाणपत्राची प्रत दाखवावी लागते. इंटरनेटवरील प्रसारण मंडळाच्या कक्षेत येत नाही. २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार तेथील वर्गीकरण प्रसारक स्वतः करतात.